दुर्बिणीतून ऑपरेशन झाले, मग पोट का फुगले?

मुरुड तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या सासऱ्यांचे वय ७४ आहे. पित्ताशयात खडे असल्याने त्यांना दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून घेण्याचा सल्ला मिळाला आहे. भगिनी विचारतात, "पोट फाडायचे नाही, तीन-चार भोके पाडायची, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी, मग म्हाताऱ्या माणसाला धोका कसला? आणि धोका नसेल तर आमच्या शेजारच्या काकांचे अशाच ऑपरेशननंतर पाच दिवस पोट ढोलासारखे का फुगले होते?" असे प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या नातेवाइकांच्या तोंडी वरचेवर असतात. म्हणून आजचा लेख या पत्राच्या उत्तरादाखल लिहीत आहे.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९७० च्या दशकातच पोटातील रोगाचे निदान करण्यासाठी दुर्बीण वापरायला सुरुवात केली होती आणि मे १९९० मध्ये त्याच रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी असे पहिले ऑपरेशन १९८५ साली केले होते, म्हणजे आपण फार मागे नव्हतो. खेडोपाडी तर त्याआधीपासून दुर्बीण 'बिनटाक्याचे ऑपरेशन' या नावाने आयाबायांच्या ओळखीची झालेली होती. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत ती वापरली जाई. या बिनटाक्याच्या ऑपरेशनचा आपल्या विषयाशी एक महत्त्वाचा संबंध आहे, तो पुढे येईल.

वृद्धांना दुर्बिणीच्या पद्धतीचा फायदाच होतो, हे आधी स्पष्ट करतो. जखम लहान, त्यामुळे दुखणे कमी. दुखणे कमी म्हणून रुग्ण लवकर उठतो, खोकू शकतो, छातीत कफ साठत नाही. आतड्यांना बाहेरची हवा आणि हाताळणी कमी लागते, त्यामुळे ती लवकर कामाला लागतात. सासऱ्यांचे ऑपरेशन या पद्धतीने होणार असेल तर ते चांगलेच आहे. फक्त बाहेरची भोके लहान म्हणून आतले काम लहान असा हिशेब कोणी करू नये. पोटाच्या आत जे काम मोठ्या चिरेतून होई तेच काम येथे होते. भूल तीच, पित्ताशय तेच, आणि त्याला खेटून असलेली आतडीही तीच.

आता आतड्यांविषयी. लहान आतडे साधारण सहा मीटर लांब आणि मोठे आतडे दीड मीटर. अन्न पुढे ढकलण्यासाठी ही नळी लाटेसारखी आकुंचन पावत असते. पोटात कोणतीही शस्त्रक्रिया झाली की ही लाट काही काळ थांबते. सर्वांत आधी लहान आतडे जागे होते, बहुधा पहिल्याच दिवशी. मग जठर, आणि सर्वांत शेवटी मोठे आतडे, त्याला दोन ते तीन दिवस लागतात. पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशननंतर हा काळ आणखी कमी असतो, मोठ्या आतड्याचाच तुकडा काढला असेल तर जास्त. वायू सरला म्हणजे आतडे जागे झाले, असे जुने डॉक्टर मानत आणि ते आजही खरे आहे. एक-दोन दिवस शौचास न होणे यात काळजीचे काही नाही. खांद्याच्या टोकाला दुखणे हेही पुष्कळांना घाबरवते. ऑपरेशनसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुगवलेले असते. त्याचा परिणाम छाती व पोट यांमधील पडद्यावर होतो आणि दुखते मात्र खांद्यात. दोन-तीन दिवसांत ते जाते.

वृद्धांच्या बाबतीत ही लाट थांबण्याला आणखी निमित्ते मिळतात. वर्षानुवर्षे मधुमेह असेल तर आतड्यांच्या मज्जातंतूंवरच परिणाम झालेला असतो. रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर रक्तातील पोटॅशियम घटते, आणि पोटॅशियम घटले की आतड्याचा स्नायू लुळा पडतो. दुखू नये म्हणून दिलेले ट्रॅमाडॉलसारखे औषध, उलटी होऊ नये म्हणून दिलेले ऑन्डॅनसेट्रॉन, रक्तवाढीची लोहाची गोळी या सर्वांनी मलावरोध होतो. त्यात पाणी कमी पिणे आले. घरातील आजी-आजोबा "रात्री उठावे लागते" म्हणून मुद्दाम पाणी टाळतात, हे मी शेकडो घरांत पाहिले आहे. रुग्णालयातील कमोडवर बसायची सवय नसते, खोलीत सून किंवा नातू असल्याचा संकोच असतो, म्हणून आलेली भावना दाबली जाते. आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट आढळते. अनेक आजींना सकाळी मिश्री लावल्याशिवाय शौचास होत नाही. रुग्णालयात मिश्री बंद होते आणि पोटही बंद होते. मिश्री सुटली तर उत्तमच, पण ती लावत होत्या हे डॉक्टरांना आधी सांगावे. लाजून लपवण्यासारखे त्यात काही नाही.

एवढ्यामुळे जे पोट फुगते ते बहुतेक वेळा बिनऑपरेशनचे उतरते. शिरेतून सलाइन आणि पोटॅशियम, नाकातून नळी, मलावरोध करणारी औषधे बंद करणे आणि रुग्णाला चालवणे, हाच उपचार. मोठे आतडे एकाएकी प्रचंड फुगते पण आत अडथळा कोठेच नसतो, असाही एक प्रकार वृद्धांत आढळतो. ब्रिटिश शल्यविशारद ऑगिल्व्ही यांनी १९४८ साली त्याचे वर्णन केले म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले आहे. त्यात क्ष-किरण चित्रावर आतड्याची रुंदी मोजत राहावे लागते. ती १२ सेंटिमीटरच्या पुढे गेली तर आतडे फुटण्याची भीती असते. म्हणून अशा रुग्णाला घरी ठेवून चालत नाही.

पण काळजी करावी असा प्रकार वेगळाच आहे. पोटात पहिली सुई किंवा पहिली नळी घालताना, किंवा आत विजेच्या उपकरणाने काम करताना, आतड्याला इजा होऊ शकते. हजार शस्त्रक्रियांत असे दोन-चार वेळा घडते, कुशल हातांतही घडते. तेथल्या तेथे लक्षात आले तर टाका घालून प्रश्न मिटतो. अडचण अशी की बऱ्याच वेळा ते त्या क्षणी दिसत नाही. विजेचा चटका बसला असेल तर आतडे त्या दिवशी शाबूत दिसते, आणि भिंतीचा भाजलेला भाग काही दिवसांनी निकामी होऊन तेथे भोक पडते. तोपर्यंत रुग्ण घरी येऊन मऊ भात खात असतो.

अशी एक आजी माझ्या आठवणीत आहे. वय ७१, अलिबाग तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावची. शहरातील एका रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले, दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. दोन दिवस उत्तम गेले. चौथ्या दिवशी त्यांनी पेज नको म्हटले. पोट थोडे फुगले होते. बेंबीपाशी जेथे नळी घातली होती तेथे दुखत होते. शौचास पातळ होत होते, त्यामुळे "पोट साफ होतेय की" असा सर्वांचा समज झाला. ताप नव्हता. शेजाऱ्यांनी गॅस म्हणून सोडा दिला, कोणी ओव्याचा शेक सांगितला, एरंडेलाची बाटलीही आली होती. रुग्णालयात फोन केला, तेव्हा पलीकडून सांगितले गेले की ऑपरेशननंतर गॅस होतोच, पुढच्या तारखेला दाखवा. धाकट्या सुनेच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. आजी तिला मोठ्या सुनेच्या नावाने हाक मारीत होत्या आणि पांघरूण ओढत काहीतरी पुटपुटत होत्या. "आमच्या आई अशा नाहीत," एवढ्या एका वाक्यावर ती त्यांना रिक्षात घालून माझ्याकडे घेऊन आली.

मी पाहिले तेव्हा पोट लाकडासारखे कडक नव्हते, जरा तटतटलेले होते इतकेच. नाडी मिनिटाला ८८. ही नाडी पाहून कोणीही निश्चिंत झाला असता, पण आजींना रक्तदाबासाठी अॅटेनोलॉल चालू होते आणि ते घेणाऱ्याची नाडी सहसा साठच्या घरात असते. श्वास मात्र मिनिटाला २८. जीभ कोरडी, हातपाय गार, सकाळपासून लघवी नाही. मी शिरेतून सलाइन आणि प्रतिजैविक सुरू करून त्यांना तेथूनच पुढे पाठवले. सीटी स्कॅनमध्ये आतड्याबाहेर द्रव आणि हवा दिसली. त्याच रात्री पोट उघडले गेले. लहान आतड्याला मसुराच्या दाण्याएवढे भोक होते. आजी २३ दिवस रुग्णालयात होत्या, त्यांतील नऊ अतिदक्षता विभागात. त्या वाचल्या. आणखी एक रात्र घरी काढली असती तर मला हे लिहिता आले असते असे वाटत नाही. मी याचे श्रेय माझ्याकडे घेत नाही. नाडी मी मोजली, पण रोग सुनेने ओळखला.

या आजींच्या हकिकतीत वृद्धांच्या पोटाचे सारे वेगळेपण आहे. तरुणाच्या पोटात आतडे फुटले तर तो गडाबडा लोळतो, ताप भरतो, पोट फळीसारखे होते. वृद्धाला ताप येईलच असे नाही, रक्तातील पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी कमीही होतात, वेदनाशामक गोळ्यांनी दुखणे झाकले जाते आणि हृदयाच्या किंवा रक्तदाबाच्या औषधांनी नाडी झाकली जाते. उरते ते एवढेच की माणूस बदलतो. जेवण नको म्हणतो, गप्प बसतो, भलतेच बोलतो, दिवसा झोपतो आणि रात्री उठून बसतो. घरचे म्हणतात, वयामुळे भ्रम झाला. ऑपरेशननंतर नव्याने झालेला भ्रम हा वयाचा नसून शरीरात कोठेतरी बिघाड असल्याचा निरोप असतो. तो बिघाड लघवी अडकल्याचा असेल, छातीचा असेल किंवा पोटाचा, पण त्याच दिवशी शोधला पाहिजे.

आणखी एक नियम मी नातेवाइकांना सांगतो, आणि वैद्यकीय शब्दांपेक्षा तो उपयोगी पडतो. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा गेला पाहिजे. आज पेज, उद्या मऊ भात, परवा भाकरीचा कुसकरा. आज खोलीत चालणे, उद्या ओटीवर, परवा अंगणात. ही गाडी एकदा सुरू होऊन उलटी फिरली, म्हणजे काल जेवलेला माणूस आज जेवत नाही, काल चाललेला आज उठत नाही, तर 'गॅस' हा शब्द घरात उच्चारूच नये. त्याबरोबर हिरवट किंवा घाण वासाची उलटी, वायू सरणे बंद, वाढत जाणारे पोट, धाप, लघवी कमी होणे, शौचातून रक्त किंवा डोळे पिवळे होणे यांपैकी काही असेल तर सकाळची वाट पाहू नये. नळीच्या भोकापाशी नवी दुखरी गाठ आली तरीही तसेच. भोकातून आतड्याची एक कडच तेवढी अडकून पिळवटू शकते, आणि कडच अडकल्यामुळे बाकीच्या मार्गाने वायू आणि मल सरत राहतो. म्हणून शौचास होते आहे ही खात्रीची खूण नव्हे.

हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या वृद्धाच्या पोटात एकाएकी असह्य कळ यावी आणि हात लावून पाहता पोट मऊ लागावे, हे फार वाईट लक्षण. आतड्याची रक्तवाहिनी बंद झाल्याची ती शक्यता असते आणि तेथे तासांचा हिशेब असतो.

याउलट एक हकीकत सांगतो. ७८ वर्षांचे एक आजोबा, दुर्बिणीतून हर्नियाचे ऑपरेशन झालेले, आठव्या दिवशी "जुलाब लागलेत" म्हणून आणले. दिवसातून दहा वेळा थोडे थोडे पाणी, कपडे खराब होत होते, पोट फुगलेले. औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. बोटाने तपासले तर गुदाशयात सुक्या मळाचा दगड अडकलेला, आणि त्याच्या कडेने पाणी झिरपत होते. त्या मळाने दाबून लघवीही अडवली होती. मळ काढला, लघवीची नळी घातली, संध्याकाळी आजोबा चहा मागू लागले. जुलाब थांबवायच्या गोळ्या आणखी दोन दिवस चालल्या असत्या तर मामला कठीण झाला असता. प्रतिजैविकांनंतर होणारे खरे जुलाबही असतात आणि तेही वृद्धांना झोपवतात. त्यामुळे ऑपरेशननंतरच्या जुलाबावर दुकानातून औषध आणू नये एवढे कटाक्षाने पाळावे. पित्ताशय काढल्यावर काही जणांना तेलकट जेवणानंतर पातळ होते, ते वेगळे. ते सहसा काही आठवड्यांत कमी होते.

आता सासऱ्यांसाठी काय करावे ते लिहितो. ऑपरेशनपूर्वी सर्जनला पूर्वीच्या प्रत्येक ऑपरेशनची माहिती द्यावी. सासूबाईंचे ऑपरेशन असते तर मी हे दुप्पट मोठ्याने सांगितले असते. कारण "आधी काही ऑपरेशन?" असे विचारले की बायका "नाही" म्हणतात. कुटुंबनियोजनाचे, पिशवी काढल्याचे, सिझेरियनचे ऑपरेशन त्यांच्या लेखी ऑपरेशनच नसते. पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे आतडे पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेले असू शकते, आणि पहिली सुई नेमकी तेथेच गेली तर इजा होते. सर्जनला आधी कळले तर तो सुईची जागा बदलतो किंवा डोळ्यांनी पाहत पहिली नळी घालतो. चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्याव्यात, आयुर्वेदिक चूर्णासकट. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील, आपण ठरवू नये. रक्तातील पोटॅशियम तपासून घ्यावे. मलावरोध जुना असेल तर तो ऑपरेशनच्या आधीच दूर करावा.

ऑपरेशननंतर सर्वांत मोठे औषध चालणे. पूर्वी रुग्णाला अंथरुणाला खिळवून ठेवीत आणि वायू सरेपर्यंत पाण्याचा थेंब देत नसत. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात ही रीत मोडून दाखवली. लवकर चालवणे, लवकर तोंडाने देणे, अफूजन्य वेदनाशामके शक्य तितकी कमी. ही पद्धत आता जगभर मान्य आहे. साधे च्युइंग गम चघळल्यानेही आतड्यांना खाण्याचा भास होऊन ती लवकर हलतात, असे दिसून आले आहे. दातांची कवळी असलेल्यांना हा उपाय नको, आणि पान-तंबाखू चघळणे हा त्याला पर्याय नाही, हे आमच्याकडच्या काही मंडळींसाठी मुद्दाम लिहितो.

घरी आल्यावर थोडे थोडे पाणी, पेज, मुगाचे वरण, मऊ भात, ताक. नारळपाण्यात पोटॅशियम असते, पण मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय देऊ नये. वाल, फणस, सुके मासे यांना दोन आठवडे रजा द्यावी. मलावरोधासाठी डॉक्टरांनी दिलेले सौम्य औषध घ्यावे. इसबगोल भरपूर पाण्यासोबत घेतले तरच गुणकारी, पाणी न पिणाऱ्या वृद्धात ते उलट अडकून बसते. फुगलेल्या पोटावर एरंडेल मात्र कदापि नको, आणि घरी एनिमाही नको. आतड्याला इजा असेल किंवा अडथळा असेल, तर आतून जोर लावून आपण ते फाडायलाच मदत करतो.

शेवटी आपल्या भागाची खास अडचण. मुंबईत ऑपरेशन करून मुरुडला परतलेला रुग्ण सर्जनपासून काही तासांच्या अंतरावर असतो. जून ते ऑगस्ट गेटवे-मांडव्याची लाँच बंद. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोट आहे, पण समुद्र खवळला की तिचाही भरवसा नाही. श्रीवर्धनकरांना म्हसळा-माणगावमार्गे महामार्ग गाठावा लागतो. म्हणून पंचाहत्तरीच्या आसपासच्या माणसाचे, तातडीचे नसलेले ऑपरेशन असेल, तर पहिले पाच-सात दिवस रुग्णालयापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर राहण्याची सोय करावी, मुलाची खोली लहान असली तरी. ते शक्य नसेल तर निघण्यापूर्वी सर्जनकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. नेमके काय ऑपरेशन झाले, कोणती औषधे चालू आहेत, आणि रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर डॉक्टर स्वतः बोलतील. गावाजवळच्या डॉक्टरांना रुग्ण आल्याचे पहिल्याच दिवशी कळवून ठेवावे, म्हणजे त्यांनी बरे असतानाचे पोट पाहिलेले असते आणि पुढचा बदल त्यांना कळतो. वेळ आली तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. ती येईपर्यंत रुग्णाला तोंडाने काही देऊ नये, आणि ज्या रुग्णालयात न्यायचे तेथे सर्जन आणि सीटी स्कॅन दोन्ही आहेत का, हे फोनवर विचारून मगच गाडी त्या दिशेने वळवावी.